नाव खरवडलेली स्टिक

खरी गोष्ट आहे. मावसभावाच्या मित्राची वगैरे नाही. माझी स्वतःची.

मी रिना, आरमोरीची. या पेजवर लोक आपले अनुभव टाकतात आणि मी आजवर त्याखाली हसण्याचे इमोजी टाकत आले. ज्यांना टाकले त्यांनी आज खुशाल वचपा काढावा.

आधीच सांगते, यात अमावस्या नाही, वडाचं झाड नाही. रात्रसुद्धा नाही. गेल्या वर्षीचा मे महिना, टळटळीत दुपार. जागा, वडसा रोडवरचं माझ्या मामेभावाचं, मिथुनचं पूल पार्लर. बाहेर अंगाची लाही होत होती. आत कूलर घरघरत होता.

तिथंच ते सुरू झालं...

त्या पार्लरमध्ये खेळणारी मुलगी मी एकटीच. पोरं टक लावून बघायची. मी उलट तशीच बघायची, मग त्यांनाच खाली बघावं लागायचं. आई म्हणायची, "हिनं लाज कोळून प्याली बाप्पा!" मला त्याचा अभिमान होता. चारचौघांत टेबलावर वाकून, एक डोळा मिटून नेम धरायचा तर लाज बाळगून कसं चालेल?

जूनमध्ये चंद्रपूरला पहिल्यांदाच मुलींची पूल स्पर्धा होती. मला ती जिंकायची होती. बक्षिसासाठी नाही. ज्या ज्या शहाण्यानं आईला रस्त्यात अडवून "पोरीले आवरा" असं सांगितलं होतं, त्या प्रत्येकाच्या दारावरून मला कप घेऊन जायचं होतं.

अडचण होती ती स्टिकची. मिथुनकडच्या सगळ्या स्टिका उन्हानं आणि पोरांनी वाकवलेल्या. त्याच सुमारास त्यानं चंद्रपूरकडच्या कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबचं सामान उचललं. त्यात जुन्या स्टिकांचा एक गठ्ठा निघाला.

"घे, तुले कोनती पायजे ते पाह्य," तो म्हणाला.

स्टिक निवडायची म्हणजे दुकानात चप्पल निवडण्यासारखंच. दिसायला कितीही छान असो, घालून चालल्याशिवाय कळत नाही. मी एकेक टेबलावर घरंगळवून पाहिली. सरळ असली की गुमान घरंगळते, वाकडी असली की तिचं टोक उड्या मारतं. मग बोटावर आडवी ठेवून तोल पाहिला. बुडाकडे जास्त जड असली की टोक वर उठतं, पुढे जड असली की मनगट भरून येतं.

एक वाकडी. एक झाडूच्या काडीसारखी हलकी. एक बरी, पण हातात परकी वाटली.

मग शेवटची उचलली...

काळपट लाकूड. मूठ धरायच्या जागी हात फिरून फिरून गुळगुळीत झालेलं. बुडाशी नाव कोरलेलं असावं. पण कोणीतरी ते ब्लेडनं खरवडून काढलं होतं. पुन्हा पुन्हा खरवडलं असणार, कारण लाकडात चांगला खळगा पडला होता.

मी ती बोटावर ठेवली.

नेहमी थोडी पुढे-मागे सरकवावी लागते. ही ठेवल्या जागी थांबली. कूलरचा झोत थेट अंगावर होता, तरी हलली नाही. दुसऱ्या टोकाला कोणीतरी बोट लावून धरावी तशी.

आणि माझे कान गरम झाले.

मला लाज वाटली.

कशाची, ते कळेना. आपल्या हातून काहीतरी फार वाईट झालंय आणि इथल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे, अशी ती लाज होती.

"काय झालं वो? लालभडक होऊन राह्यली," मिथुन म्हणाला.

"गरमीनं," मी म्हटलं.

खेळायला लागले तर एकही बॉल चुकेना. मी नुसता विचार करायचा आणि बॉल होलमध्ये. पोरं तोंडात बोटं घालून उभी.

पण नेम धरायला वाकले की...

सगळे आवाज बंद व्हायचे. कूलर, पोरांची बडबड, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, सगळंच. आणि त्या शांततेत, अगदी कानाशी...

"च्च."

घरातला वडीलधारा माणूस काही लाजिरवाणं ऐकून करतो ना, तसं.

मी ताठ झाले. आवाज परत आले.

"कोणी केलं ते?"

"कोनी काई नाई केलं वो," एक पोरगा म्हणाला. तो घाबरला होता, पण मला.

तेव्हाच ती स्टिक ठेवून द्यायला हवी होती. भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण असा तोल पुन्हा हाताला लागणार नाही हेही कळत होतं. मी ती घरी नेली.

दोन दिवसांनी जेवताना आई म्हणाली, वरणात मीठ कमी आहे. वरण मी केलं होतं.

"चुकलं माझं, आई," मी म्हटलं.

आईच्या हातातला घास हातातच राहिला. मी तिचा कुकर फोडला होता तेव्हासुद्धा तासभर भांडून चूक कुकरचीच आहे हे सिद्ध केलं होतं.

मग मी भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. घरातही डोक्यावर ओढणी. दारावर कोणी आलं की आतल्या खोलीत. आरसा मी उलटा करून ठेवला होता म्हणे. मला आठवत नाही.

एका दुपारी आईनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं.

"रिना, कोनं काई केलं का तुले? सांग मले. मी चिरून टाकीन त्याले."

कोणी काहीच केलं नव्हतं. पण मला तिच्या डोळ्यांत बघता येईना. तिनं त्याचा जो अर्थ काढायचा तोच काढला. तोंडात पदर कोंबून रडली. त्या रडण्याची मला आजही लाज वाटते, आणि ही लाज माझी स्वतःची आहे.

दुसऱ्या दिवशी झाडताना तिनं कोपऱ्यातली स्टिक बाजूला करायला धरली...

आणि झटक्यात टाकून दिली. हात लुगड्याला पुसत राहिली, पुसतच राहिली.

"हे आपलं नाई वो," ती खाली बघत म्हणाली. "ज्याचं हाय त्याले वापस दे."

"चंद्रपूर होऊन जाऊ दे," मी म्हटलं.

चंद्रपूरच्या हॉलमध्येही दुपारच होती. मी एकही शब्द न बोलता सेमीफायनलला पोचले. समोर कोरपन्याची खुशबू. बारीकशी पोरगी, तोंडात च्युइंगगम आणि जिभेला हाड नाही.

"ताई, हारली तं रडजो नोको!" म्हणाली आणि डोळा मारला. महिन्याभरापूर्वीची मीच.

शेवटचा काळा बॉल उरला, तो गेला की सामना माझा. होलच्या तोंडाशी. लहान लेकरानं घातला असता.

मी वाकले.

सगळं शांत झालं.

या वेळी "च्च" आलं नाही...

या वेळी माणसं होती. पुष्कळ. बुटांची करकर. ग्लास ठेवल्याचा आवाज. टेबलाभोवती दाटीवाटीनं उभं राहून श्वास घेणारी माणसं. कोणी बोलत नव्हतं. सगळे बघत होते, बस.

मग कानाशी एक थकलेला, पुरुषी आवाज...

"माझ्याकडे पाहू नका."

मी वळणार, तेवढ्यात लक्षात आलं. ओठ माझे हलत होते.

"माझ्याकडे पाहू नका. माझ्याकडे पाहू नका."

पुढचं मिथुननं सांगितलं. मी ओरडत होते म्हणे. मग टेबलाखाली जाऊन बसले, ओढणी तोंडावर ओढून. अख्खा हॉल बघत होता, काहींनी मोबाईल काढले होते. त्यानं मला हाताला धरून ओढत बाहेर आणलं. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मी पायऱ्यांवर बसले होते. मिथुन पाणी आणायला गेला. तेवढ्यात मागून खुशबू आली. हातात माझी स्टिक. द्यायलाच आली होती बिचारी. सहज तिनं ती बोटावर ठेवली...

स्टिक जागच्या जागी थांबली.

"काय बॅलन्स हाय वो ताई! फायनल इनंच खेळू का मी?"

मला सांगायचं होतं, टाक ती. हात लावू नको. घरी जा. सगळं अगदी जिभेवर होतं. मी तोंड उघडलं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

ती हसली. "काऊन माफी मागून राह्यली? खेळात होते असं."

आणि आत गेली. जाताना तिचे कान लाल झालेले मी पाहिले.

घरी आल्यावर माझा जीव हळूहळू थाऱ्यावर आला. भाजीवाल्याशी वजनावरून भांडले त्या दिवशी आईनं देवापुढे नारळ फोडला.

पण खुशबू डोक्यातून जाईना. पावसाळा संपता संपता मिथुननं तिच्या घरचा नंबर मिळवला. फोन तिच्या आईनं उचलला.

"खुशबू? हाय ना, घरीच राह्यते आता. आधी किती वटवट करे बाप्पा, पोट्ट्यायसंगं हिंडे. आता कोनासमोर मान वर नाई करत. देवच पावला म्हना ना."

काकू खूश होत्या. आवाजात नुसतं समाधान होतं.

"काकू... ती स्टिक?"

"ते काडी? खेळनंच सोडलं तिनं. देऊन देली कोनाले तरी. कोनाले ते सांगत नाई."

म्हणजे स्टिक गेली होती, तरी तिची मान खालीच होती. माझी वर आली, तिची का नाही? मला माहीत नाही. माझ्या घरी मला परत मागणारं कोणीतरी होतं, एवढंच सुचतं.

"तिला फोन देता?"

पावलं वाजली. फोन या हातातून त्या हातात गेला...

कोणी हॅलो म्हणालं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मला खूप बोलायचं होतं. आरमोरीला ये, माझ्याकडे राहा, माझ्या आईशी बोल. एक शब्द फुटला नाही. तिकडूनही नाही.

साधा फोन होता. व्हिडिओ नव्हता. ती मला दिसत नव्हती, मी तिला दिसत नव्हते.

तरी माझी मान खाली गेली.