डाव्या कानाची गाठ

सात महिन्यांनी वाचनालयाची मागची खोली उघडली आणि मास्तर घराबाहेर पडला. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, शिंपी. बायको जाऊन वर्षं झाली, मुलगा परगावी. सात महिने त्याच्याशी बोललं ते एक शिलाई मशीन, आणि तेही तेल मागायला.

त्याला एकच काम होतं. घड्याळजीची माफी मागायची.

घड्याळजी त्याचा त्या खोलीतला रोजचा बुद्धिबळाचा जोडीदार. टाळेबंदीत सगळं बंद व्हायच्या आदल्या दिवशी मास्तरने घोडा उचलला, चूक दिसली, गुपचूप परत ठेवला. घड्याळजी म्हणाला, हात लागला, आता चाल. मास्तर म्हणाला, लागलाच नाही. झाला अबोला. लाकडाच्या घोड्यापायी दोन म्हातारी गाढवं! पुढे मास्तरने गल्लीभर मास्क शिवून वाटले. घड्याळजीसाठीही शिवला, हिरव्या दोऱ्याची कड घालून. पण दिला नाही, मशीनच्या खणात ठेवला. त्याने आधी यावं, हा हट्ट. मधे घड्याळजीच्या घरून फोन यायचे. याने उचलले नाहीत.

दारात पहारेकऱ्याने कपाळावर तापाचं यंत्र रोखलं. "मास्तर, एका वेळी दोघंच. अर्धा तास. आणि मोहऱ्यांना हात एकानेच लावायचा."

"दुसरा कोण?"

"घड्याळजी बसलेत. त्यांचा आकडाच येईना यंत्रावर. सेल गेले वाटतं."

मास्तरचा आकडा मात्र लगेच आला.

दुपारचे चार. खोलीत सॅनिटायझरचा उग्र वास, आणि त्याखाली घड्याळाच्या तेलाचा, बारीक. खुर्च्या भिंतीशी उलट्या रचलेल्या. भिंतीवरचं घड्याळ बंद. त्याला चावी घड्याळजीच द्यायचा. आज तो उठला नव्हता. खिडकीपाशी पटापलीकडे बसला होता, हात मांडीवर, तोंडावर हिरव्या कडेचा मास्क. आपलं काम बघून मास्तर असा सुखावला की पुढचं त्याला सुचलंच नाही.

"बसला का नीट?"

"डाव्या कानाला सैल होता," घड्याळजी म्हणाला. आवाज लांबून आल्यासारखा. "गाठ मारली."

"मापाला कधी आलास का लेका?"

मास्तरच्या चष्म्यावर वाफ धरत होती. सारखा पुसावा लागत होता. घड्याळजीचा चष्मा लख्ख होता.

मोहरे मास्तरनेच मांडले. घड्याळजी नुसती चाल सांगायचा, मास्तर त्याचेही हलवायचा. बाहेर रस्त्यावर माणसं कितीतरी दिवसांनी हसत होती. इथे लाकडाचा टक्-टक् आवाज... आणि श्वास एकाचाच.

"ऐक," मास्तर म्हणाला. "त्या दिवशी... हात लागला होता घोड्याला."

"माहीत आहे."

"खोटं बोललो मी."

"मग चाल आता."

मास्तरने घोडा चालवला. डाव गेलाच. पण छातीवरचा दगड उतरला.

पहारेकऱ्याने टाळी वाजवली. "चला, वेळ झाली!"

"पुढचा डाव कधी?" मास्तरने विचारलं.

"मी आलो ना आज... आता तू ये."

मास्तर जिन्याशी पोचला आणि पाय तिथेच थांबले. मास्क याला दिला कुणी?

घरी येऊन त्याने खण ओढला. मास्क होता तिथेच, घडी तशीच. फक्त डाव्या कानाच्या इलॅस्टिकला एक बारीक गाठ. घड्याळाच्या चिमट्याने मारावी तशी.

त्याने फोन लावला. घड्याळजीच्या मुलीने उचलला.

"काका... बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. शेवटी तुमचंच नाव घेत होते. किती फोन केले तुम्हाला!"

मास्तरने फोन ठेवला.

साठ वर्षं सुईदोऱ्यात गेलेला माणूस, पण ती गाठ त्याला सुटली नाही. नखं झाली, सुई झाली, दात झाले. कात्री लावायचा धीर होईना. खण बंद करून ठेवला.

परवा उघडला तर उजव्या कानालाही तसलीच गाठ. घड्याळजीचं तोंड रुंद होतं, मास्तरचं लहान. मास्तरने आरशासमोर मास्क चढवून पाहिला.

अगदी मापात बसला.