पहिल्या रांगेतल्या बायका

शुक्रवारी भिवंडीत कापड विणणारे लूम बंद असतात, म्हणून मी शुक्रवारची दुपार निवडली. धामणकर नाक्यावरून प्रोजेक्टर मांडीवर घेऊन शेअर रिक्षानं निघाले, तेव्हा मनात फक्त पडदा नीट ताणला जाईल ना, एवढीच काळजी होती.

चित्रपटाचं शिक्षण मी प्रागला घेतलं. परतले ते एकाच हट्टानं: चांगला सिनेमा आपल्या गल्लीतल्या माणसांनी पाहिला पाहिजे. त्यासाठी एक बंद पडलेला कारखाना मिळाला होता. यंत्रं भंगारात गेली होती, पण फरशीत मुरलेलं तेल आणि हवेतला सुताचा वास तसाच होता. खिडक्यांना जाड कोरं कापड लावलं की भर दुपारी आत काळोख व्हायचा.

मी लावला होता एक काउबॉयचा वेस्टर्न, जुन्या जपानी सामुराईपटावर बेतलेला, हाणामारीचा. ओसाड गाव, दोन टोळ्या, आणि दोन्हींकडून काम घेऊन त्यांना झुंजवणारा एक अनोळखी माणूस. मूळ सामुराईपट पुढच्या शुक्रवारी दाखवणार होते.

पहिल्या रांगेत लूमसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका बसल्या होत्या. मधोमध बकुळाआक्का, शेजारी त्यांच्या चाळीतली प्रियंका. आक्कांचा मुलगा मिलिंद गोदामांवर हुकमत गाजवणाऱ्या दोन टोळ्यांचे निरोप पोचवायचा. इकडचे तिकडे, तिकडचे इकडे. दिवाळीनंतर तो घरी आलाच नाही. मला हे ठाऊक होतं. उलट म्हणूनच मला वाटलं, ही आपल्याच गावाची गोष्ट आहे, ती पाहायलाच हवी.

सुरुवातीला मजा चालली होती. नायकाची रुंद टोपी बघून प्रियंका म्हणाली, हा काय गणेशपुरीला भात लावायला चाललाय का. सगळ्या हसल्या.

मग आवाज गेला.

मी वायर तपासल्या, स्पीकर थोपटला, शेवटी प्रोजेक्टर बंद करायला हात नेला.

"राहू द्या ताई," प्रियंका म्हणाली. "आम्हाला आवाज कधी लागतो?"

खरंच होतं. लूमच्या खडखडाटात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि ओठांवरूनच वाचतात. आक्कांना तर आता कानांनी फारसं ऐकूच येत नव्हतं. पण पडद्यावरची माणसं इंग्रजीत बोलत होती. मी तसं म्हणाले.

प्रियंकानं मान हलवली. "बाकीचे बोलतायत इंग्रजी. हा न्हाय. हा आपल्या बोलीत बोलतोय."

पडद्यावर टोपीवाला भिंतीला टेकून उभा होता. त्याचे ओठ हलले. आणि पहिली रांगच्या रांग एका सुरात, सपाट आवाजात बोलू लागली...

"आये, मी अंबाडीला हाय. गोदामाच्या मागं. एकटी ये."

आक्का उठून उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ आवाजाविना हलत होते. काहीतरी विचारत होत्या. टोपीवाल्यानं तोंडाकडे नेलेली चिरूट मध्येच थांबवली. त्यानं खाली पाहिलं. पहिल्या रांगेकडे. मग सावकाश होकारार्थी मान हलवली.

मी तोच प्रसंग मागे घेऊन पुन्हा लावला. या खेपेला त्याच्या दातांत चिरूट घट्ट धरलेली होती. ओठ हललेच नाहीत.

आक्का ते बघायलाही थांबल्या नाहीत, पिशवी उचलत होत्या. एकट्या जाऊ नका, उद्या दोघी मिळून पोलिसांकडे जाऊ, असं मी त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं. त्या हो म्हणाल्या.

सकाळी प्रियंका धावत घरी आली. आक्का पहिल्याच एसटीनं अंबाडीला गेल्या होत्या आणि फोन घेत नव्हत्या. मी रात्रीपासून लॅपटॉपवर जुना सामुराईपट उघडून बसले होते. मनाची समजूत घालायची होती. तोच प्रसंग, तशीच भिंत, तसाच टेकून उभा एक माणूस, फक्त टोपीऐवजी डोक्यावर बांधलेली शेंडी. मी आवाज बंद केला आणि लॅपटॉप प्रियंकाकडे वळवला.

तिनं अडखळत वाचलं.

"आये... अंबाडीला नको जाऊ... त्या टोपीवाल्यानं... माझं तोंड घेतलंय."

मी लॅपटॉप मिटला. खाली रिक्षावाल्याला मी हाक मारली होती, तो हॉर्न वाजवत होता.

तेवढ्यात फोन आला. आक्कांचाच व्हिडिओ कॉल. त्या नेहमी तसाच करायच्या, समोरच्याचे ओठ दिसावेत म्हणून. मागे पत्र्याची भिंत होती. चेहरा फार जवळ, आवाज अजिबात नाही. ओठ मात्र संथपणे हलत होते. जीव भांड्यात पडला. मी मोठ्यानं, ओठ ताणून म्हणाले, आक्का, मागं फिरा, आम्ही निघालोय.

त्या बोलतच राहिल्या. मी फोन प्रियंकासमोर धरला. "काय म्हणतात?"

ती स्क्रीनवर वाकली.

"आपल्याला बोलावतायत. दोघींना. मिलिंद भेटला म्हणतात... लवकर या म्हणतात."

मी पायात चप्पल सरकवली. प्रियंकानं माझं मनगट धरलं.

"ताई, ओठ नका बघू," ती पुटपुटली. "मान बघा..."

मी पाहिलं. ओठ 'या, या' म्हणत होते, आणि आक्कांची मान सावकाश, सगळा जोर लावून, इकडून तिकडे हलत होती. नको. नको.