अजून ये

सिमेंट कारखान्याच्या आवारात मालडबे ढकलणारं एक छोटं इंजिन होतं. ते चालवणारा माणूस आणि डबे जोडणारा त्याचा मेहुणा, अशी ही जोडी सहा वर्षं एकत्र राबत होती. मेहुण्याला कामाला त्यानंच चिकटवलं होतं. बायकोनं तेव्हा एवढंच बजावलं होतं, "एकुलता एक भाऊ आहे माझा. डोळ्यांत तेल घालून सांभाळा."

त्या दुपारी अकरा रिकामे डबे मागे रेटून शेडखालच्या उभ्या डब्याला जोडायचे होते. मध्ये वळण असल्यामुळे चालकाला मागचं टोक दिसत नसे. सगळा भरवसा वॉकीटॉकीवर. त्यात धूळ अशी दाटलेली, की भर दुपारी दिवे लावलेले.

"या दाजी, या... वीस पावलं... दहा..."

मग नुसती खरखर. मग पुन्हा तोच आवाज.

"ये."

इंजिन सरकत राहिलं.

"ये... अजून ये..."

आवाज मेहुण्याचाच, धुळीनं बसलेला घोगरेपणासुद्धा त्याचाच. पण चालकाच्या अंगावर सर्रकन काटा आला. लग्नापासून आजवर या पोरानं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"कोण बोलतंय?"

"ये ना..."

त्यानं ब्रेक दाबला. डबे एकमेकांवर धडाधड आदळत थांबले आणि वळणापलीकडून किंकाळी आली.

तो धावत गेला. मेहुणा दोन डब्यांच्या मध्ये उभा होता. बाही डबे जोडायच्या कड्यात अडकलेली, उजव्या हाताची दोन बोटं चेंगरलेली. डबा आणखी वीतभर सरकला असता, तर छातीचा चुराडा झाला असता. वॉकीटॉकी खडीत पडला होता आणि त्याची बॅटरी निघून चार हात लांब.

"थांबत का नव्हतात दाजी? घसा फाटेस्तोवर ओरडत होतो..."



दवाखान्यात ती दोन बोटं काढावीच लागली. डॉक्टरांनी मग डावं मनगट उलटसुलट करून पाहिलं. त्यावर पाच बोटांचे काळेनिळे वळ उठले होते.

"कुणी ओढून बाहेर काढलं का?"

"नाही. बाही सोडवायला हा हात उचलत होतो," मेहुणा म्हणाला. "उचलेचना..."

घरी बहिणीनं रोज शेक दिला. वळ काही फिके होईनात. दहाव्या दिवशी तिनं नवऱ्याला खुणेनं आत बोलावलं आणि झोपलेल्या भावाची बाही अलगद वर सारली.

मनगट स्वच्छ होतं. वळ आता कोपराच्या वर होते.