पापाफाटक

दिवा जरा मोठा करा, मग सांगते.

सुगीच्या प्रार्थनेसाठी चर्चमध्ये सफरचंदं पोचवायची होती, एवढंच काम. माझी धाकटी बहीण थिर्झा, तिचा नवरा रूबेन आणि मी, तिघं टोपल्या घेऊन निघालो. दुपारचीच वेळ, पण तळ्यावरून असं धुकं चढलं होतं की चर्चचा मनोरा अर्ध्यापासून वर दिसतच नव्हता.

चर्चच्या आवारात शिरायला जुनं लाकडी फाटक आहे. एका वेळी एकच माणूस जातं. पुढच्यानं पलीकडून फाटक धरून ठेवायचं आणि मागच्यानं पापा दिला की सोडायचं, ही गावची रीत. म्हणून ते पापाफाटक. रूबेनची पहिली बायको मॉड त्याच्या पलीकडेच पुरलेली आहे. थिर्झा घरात तिचं नावही काढू द्यायची नाही. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं मॉडचे पडदे उतरवले, कपबशासुद्धा वाटून टाकल्या.

रूबेन पलीकडे गेला. थिर्झानं फाटक ढकललं. हलेना.

"सोड की! ताईसमोर कसले चाळे?" ती लाजून हसली.

"मी कुठं धरलंय?"

खरंच, तो चार हात लांब उभा होता, दोन्ही हातांनी टोपली सावरत. मीही जोर लावला. पलीकडून कुणीतरी तितक्याच जोरानं रेटत होतं...

मग वास आला. ओल्या मातीचा, आणि त्यात लॅव्हेंडरचा. रूबेनची मान हळूच कलली. त्याचा गाल दबला, कुणी ओठ टेकवावेत तसा... आणि फाटक आपसूक मोकळं झालं.

"घाबरू नकोस गं," मी कशीबशी म्हणाले.

"घाबरतंय कोण?" थिर्झाचे ओठ पांढरे पडले होते, डोळे मात्र पेटलेले. "पाहिलंस ना, ताई? त्यानं डोळे मिटले. माझ्या वेळी... माझ्या वेळी कधीच मिटत नाही."

त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती आलीच. रूबेन न्यायला आला नाही. मी पाव घेऊन परतले की ती विचारायची, "दिसला का?" आणि मग खालच्या आवाजात, "एकटाच होता?"

शेवटी तिचे कपडे आणायला मीच गेले. रूबेननं दार अर्धंच उघडलं. गुळगुळीत दाढी, अंगात इस्त्रीचा सदरा. पेटी भरून तयारच होती.

"थिर्झाला काही निरोप?" मी विचारलं.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल, डॉर्कस... आत्ताच डोळा लागलाय तिचा."

वर माडीवर पलंग करकरला. कुणीतरी कूस बदलली, आणि झोपेनं जड झालेल्या बायकी आवाजात विचारलं,

"गेली का ती?"