शेपूट नसलेली रक्कम

“माझा नवरा हरवलाय,” ती म्हणाली. “आणि त्याचे पैसे दर महिन्याला येतायत.”

हवालदार हसला. “पैसे वेळेवर येतात म्हणून तक्रार करणारी पहिलीच बायको पाहिली!”

फौजदारबाई हसल्या नाहीत. “फोन?”

“त्याचा परदेशातला नंबर लागत नाही. निरोप येतात, सासऱ्यांच्या मोबाइलवर. बरा आहे, काम फार आहे. ते वाचून दाखवतात.”

“मग हरवला कशावरून?”

तिने बँकेचे मेसेज दाखवले. जुनी प्रत्येक रक्कम वेडीवाकडी, शेवटी सुटे पैसे लोंबणारे.

“त्याला आम्ही शेपूट म्हणायचो. तिकडून तो नेहमी तिकडचे पाचशेच पाठवायचा. गेल्या वर्षापासून शेपूटच नाही. सरळ दहा हजार. मॅडम, पैसे आले की घरात कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं.”

बाई आधी बँकेत गेल्या, मग तिच्या घरी.

सासरे वजनकाटे दुरुस्त करायचे. खिडकी बंद होती, तरी टांगलेलं एक पारडं हलत होतं.

“मुलाशी शेवटचं कधी बोललात?”

“कालच निरोप आला.”

“मी बोलणं विचारलं.”

म्हाताऱ्याने हलतं पारडं हाताने धरलं.

“आजोबा, परदेशातला माणूस तिकडच्या पैशात पूर्ण आकडा धरतो. भाव रोज बदलतो, म्हणून इथे पोचेपर्यंत शेपूट फुटतं. इथे दरवेळी पूर्ण दहा हजार पोचतात, म्हणजे पाठवणारा इथल्या पैशात विचार करतो. तो इथेच आहे. निरोपही फक्त तुम्हालाच येतात. बँकेत खात्री केली. पैसे जातात ते खातं तुमचं आहे. एवढे पैसे आणलेत कुठून?”

म्हाताऱ्याने पारडं सोडलं.

“कंपनीची भरपाई. बांधकामावरची परांची कोसळली. कागदावर वारस म्हणून माझं नाव होतं, लग्नाआधीचं. सगळं तिकडेच उरकलं. मी सही केली.”

“सुनेच्या हक्काचे पैसे. तिलाच हप्त्याने दिलेत?”

“पैसे जातायत तोवर तो आहे, असं वाटायचं. संपले की सांगणार होतो.”

सून दारात उभी होती. ती रडली नाही.

“वर्षभर मी त्याच्यावर रुसलेय, बाबा. एक फोन करत नाही म्हणून. तुम्ही निरोप वाचलात की मी तोंड फिरवायचे. मेलेल्या माणसाशी अबोला धरायला लावलात तुम्ही मला.”