सुखरूप पोचलो

मुलुंडच्या त्यांच्या बिल्डिंगमधून तोवर कुणी परदेशी गेलंच नव्हतं. त्यामुळे मार्तंड आणि क्षमा सिंगापूरला निघाले तेव्हाचा थाट काही विचारू नका. तो बँकेत कारकून, ती शाळेत बाई. पस्तिशीला टेकलेलं जोडपं, सगळ्यात स्वस्तातली टूर, आणि जेवणाचा खर्च नको म्हणून बॅगेत दशम्या नि मेतकूट. पण सासूबाईंनी ओवाळलं, हातावर दही ठेवलं, शेजारच्या नलिनीवहिनींनी हार घातले आणि टेम्पो भरून माणसं सहार विमानतळापर्यंत पोचवायला आली. काचेपलीकडून दोघांनी सगळ्यांना हात केला. टेम्पो परत गेला आणि मग काउंटरवर कळलं, तिकिटं खोटी आहेत. टूरवाल्याने चक्क टोपी घातली होती.

"घरी जाऊ या," क्षमा म्हणाली.

"कुठल्या तोंडाने?" मार्तंडने गळ्यातला हार काढून बॅगेत कोंबला.

तिलाही ते पटलं. अंधेरीतच एका लॉजवर त्यांनी खोली घेतली. आठवडा इथे काढायचा, फोर्टातल्या फुटपाथवरून फॉरेनचे सेंट आणि चॉकलेटं घ्यायची आणि सिंगापूरहून आल्यासारखं घरी जायचं, असं ठरलं. डोक्यावरून विमान गेलं की खिडकीची तावदानं थरथरायची. शाळेतलं कुणी दिसेल या धास्तीने क्षमा खाली चहालासुद्धा उतरत नव्हती. चोरी केल्यासारखं तोंड लपवून बसायचं, तेही आपल्याच गावात! तिला स्वतःची किळस यायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने लॉजच्या गल्ल्यावरून नलिनीवहिनींना फोन लावला. मजल्यावर फोन त्यांच्याकडेच होता. ट्रंक कॉलवर ओरडतात तसं ओरडून तिने सांगितलं, सुखरूप पोचलो. वहिनी हसल्या. अगं, मगाशीच नाही का बोललीस, म्हणाल्या, आणि मगाशी आवाज किती स्वच्छ येत होता.

मार्तंड म्हणाला, वहिनींचा घोळ झाला असेल. पण वहिनी काही घोळ घालणाऱ्यातल्या नव्हत्या.

पुढचा फोन करायला क्षमाने दोन दिवस धीर गोळा केला. या वेळी सासूबाईच फोनवर आल्या. त्यांचा आवाज भरून आला होता.

"काल जे बोललीस ना, तसं इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस गं. मला रडूच आलं."

काय बोलले, हे विचारायची क्षमाला हिंमत झाली नाही. तिने नुसतं हं म्हटलं. ते कौतुक आपलं नाही हे माहीत असून तिने ते ठेवून घेतलं, आणि वर येऊन बराच वेळ नळाखाली तोंड धूत राहिली. मार्तंडला तिने काही सांगितलं नाही.

परतायच्या दिवशी बॅगा भरून दोघं खाली आले. विमान उतरलं, टॅक्सीने येतोय, एवढं कळवायचं होतं. तिने फोन लावला. पलीकडे नुसता गलका. ती हॅलो म्हणते न म्हणते तोच नलिनीवहिनी घाईघाईने बोलल्या.

"क्षमाशी बोलायचंय? थांबा हं, देते. सकाळीच आलेत दोघं, इथेच आहेत."

त्या गलक्यात मार्तंड हसला. तिचा मार्तंड समोर पाठमोरा उभा राहून खोलीची किल्ली परत करत होता.

"हॅलो, क्षमा बोलतेय."

तिचाच आवाज. तोच, जरासा खरखरीत.

मी क्षमा आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण मग बाकीचंही सांगावं लागलं असतं. काउंटर, बॅगेतला हार, हे लॉज. सगळ्या बिल्डिंगीसमोर.

मागून सासूबाईंची हाक आली. "क्षमा, बाळा, चहा निवतोय."

तिला त्या कधी बाळा म्हणाल्या नव्हत्या.

"राँग नंबर," क्षमा म्हणाली.

रिसीव्हरवर हात आडवा धरल्यासारखा पलीकडचा गलका दबला. मग तिच्याच आवाजात, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, कुणीतरी हळूच म्हणालं, "बरं केलंस."