क्लचप्लेट आणि वर्ध्याचं घर

मी अ‍ॅक्सिलरेटर दाबत होते, इंजिन बोंबलत होतं आणि व्हॅन मात्र जागची हलत नव्हती. आर्णीहून दिग्रसला येताना एवढासा चढ लागतो ना, तिथंच! मागे बाबांच्या बिछायत केंद्राच्या, लग्नांना भाड्याने द्यायच्या गाद्या आणि खुर्च्या, पुढे मी एकटी. कापसाने भरलेला ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. मग एक मोटरसायकल थांबली. हेल्मेट निघालं आणि आतून जो चेहरा बाहेर आला तो... बरा होता. तेव्हा मी एवढंच मान्य केलं.

त्याने हवा हुंगली. "क्लच जळला तुमचा."

"माझा नाही, गाडीचा."

"तेच म्हणून राह्यलो मी," तो म्हणाला आणि हसला. हसायला नको होतं त्याने.

त्याचं नाव धम्मरत्न. महागावचा, दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर कापूस मोजायला होता. ओळखीच्या ट्रॅक्टरला दोर बांधून त्याने व्हॅन आमच्या अंगणात आणून दिली. हंगामामुळे सगळी गॅरेजं तुंबलेली. बाबांचा चेहरा पडला.

"पुढच्या सोमवारी गाडी पाहिजेच होती."

"मग घरीच बदलवू ना, काका. रविवारी मले सुट्टी आहे. पाने, पक्कड, जॅक आहे ना तुमच्याकडं? झालं तर मग!"

सोमवारी काय होतं, ते त्याला कुणी सांगितलं नाही. वर्ध्याचा एक मुलगा मला पाहून गेला होता आणि मी पसंत पडले होते. आता आम्ही त्याचं घर पाहायला जायचं होतं. आमच्यात घर पाहून, जेवून आलं की होकारच समजतात. मुलात वाईट काहीच नव्हतं. हीच तर पंचाईत. नाही म्हणायला कारण नव्हतं आणि हो म्हणताना जीभ अडखळत होती.

आणि त्या आठवड्यात धम्मरत्न रोज येऊ लागला. एकदा नटबोल्टांचं माप घ्यायला, एकदा यवतमाळहून आणलेली नवी प्लेट दाखवायला. एकदा तर नुसताच... मग आठवलं म्हणून जॅक पाहून गेला. संध्याकाळी फाटक वाजलं की मी आरशात का पाहते, हे मलाच कळेना.

रविवारी व्हॅन जॅकवर चढली, खाली लाकडी ठोकळे लागले. जमिनीवर अंथरायला बिछायतीची लाल गादी निघाली. लग्नात नवरा-नवरी बसतात तीच! तिच्यावर आम्ही दोघं उताणे, डोक्यावर गिअरबॉक्स.

"आजवर किती गाड्यांचा क्लच बदलवला तुम्ही?" मी विचारलं.

"खरं सांगू?... ही पहिलीच."

"मग रस्त्यावर एवढे शहाणे काहून झाले?"

"तुमी पाहून राह्यल्या होत्या ना..."

मी पाना जोरात फिरवला. नट आधीच सैल होता, बोटं उगाच खरचटली. त्याने हात धरला, फुंकर घातली आणि दोघांनीही एकदम वर गिअरबॉक्सकडे पाहिलं.

दोराने बांधून गिअरबॉक्स खाली उतरवला, जुनी प्लेट निघाली. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "लवकर आटपा, बाबू. उद्या वर्ध्याले जायचं आहे. मैत्रेयीसाठी घर पाहाले."

"असं का," तो म्हणाला. चहा तसाच राहिला.

नवी प्लेट एका बाजूने उंच असते. ती बाजू गिअरबॉक्सकडे हवी, हे सकाळीच मी मोबाईलवरून मोठ्याने वाचून दाखवलं होतं. त्याने प्लेट हातात फिरवली... पुन्हा फिरवली. माझ्याकडे पाहिलं. आणि उंच बाजू आत, इंजिनकडे करून बसवली.

उलटी! मला स्वच्छ दिसलं.

"बरोबर आहे ना?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

का म्हणाले? काही कळेना. मधलं भोक जुळवायला मीच आईचं लाटणं आणून दिलं, टोकाला टेप गुंडाळून. गिअरबॉक्स परत वर चढला, बोल्ट आवळताना मीच टॉर्च धरला. तो विसरला असेल तर बावळट आहे, आणि मुद्दाम केलं असेल तर... तर मग बोलत का नाही? आणि मी तरी कुठे बोलत होते?

गिअर ऑइलचं दुकान बंद होतं. सकाळी तेल घेऊन येतो, असं जमिनीकडे पाहत सांगून तो गेला.

सोमवारी आई नव्या लुगड्यात, आत्या पेढ्यांच्या डब्यासह तयार. तेल भरलं. बाबांनी इंजिन सुरू करून क्लच दाबला, गिअर टाकला. कर्रर्र! पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

"परत खोलावं लागंल, काका," धम्मरत्न पुटपुटला. माझा जीव भांड्यात पडला.

बाबांनी घड्याळ पाहिलं. "राहू दे. यष्टीनं जाऊ. चला!"

यष्टी! गावोगाव फिरणारी यष्टी आम्हा दोघांच्या डोक्यात आलीच नव्हती. आत्या फाटकाबाहेर पोहोचलीसुद्धा. मी पायरीवर उभी, पाय उचलेना.

"तू... जाऊन राह्यली?" त्याने हळूच विचारलं. पहिल्यांदाच तू म्हणाला.

"तू सांग ना."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "काका, प्लेट मी उलटी बसवली. माहीत असून."

"काहून?"

तो पाना पुन्हा उचलून पुसू लागला. कान लाल. आता मी गप्प राहिले तर वर्ध्याला जाऊन जेवूनच यावं लागणार होतं.

"अन् मले दिसत होतं, बाबा. तरी मी हो म्हटलं." मी पायरीवरून खाली उतरले. "मले वर्ध्याले नाही जायचं. मले हा आवडते."

बाबा व्हॅनमधून उतरले. "मले तर काहीच समजून नाही राह्यलं. तुमाले गाडी दुरुस्त करायची होती का बिघडवायची?"

त्यांनी फोन काढला, वर्ध्याला लावला. वाटलं, गाडीचं कारण सांगतील. "माफ करा जी," ते म्हणाले, "पोरीचं मन नाही. मी आधी तिले विचारलंच नव्हतं." फोन खिशात ठेवून ते धम्मरत्नकडे वळले.

"महागावले घरी कोण असते तुझ्या?"

"आई, बाबा... बहीण."

"त्यायले फोन कर. घर पाहाले येऊन राह्यलो म्हणावं."

"कधी, काका?"

"आत्ता. माणसं तयार आहेत, पेढे आणलेले आहेत. आमी यष्टीनं येतो, तू मोटरसायकलनं पुढं हो."

त्याने दोनदा भलत्यालाच फोन लावला. शेवटी त्याचा फोन घेऊन नंबर मीच लावून दिला.